डेक्कन जिमखाना, पुणे : १९१४ ते १९२४

पुणे येथील एक जुनी व प्रसिद्ध क्रीडासंस्था. स्थापना १९०६. मुठा नदीच्या पश्चिम तीरावर, लकडी पुलापलीकडे, भांबुर्डे व एरंडवणे या गावांच्या शिवारात तिची क्रीडांगणे तयार झाली आणि पुढे त्यांच्याभोवती वाढलेल्या वस्तीलाही तिचेच नाव पडले. आज हे नाव पुणेकरांच्या तोंडी प्रथम एका भागाचे, बसथांब्याचे व मेट्रो स्थानकाचे म्हणून येते. संस्थेची आठवण त्यानंतर होते. संस्थेच्या इतिहासात १९१४ ते १९२४ हे दशक सर्वांत महत्त्वाचे मानावे लागते. याच दशकात खो-खो या देशी खेळाच्या नियमबद्धतेस तिने आरंभ केला आणि याच दशकात तिच्या मैदानावरून भारताचा पहिला ऑलिंपिक संघ निघाला. ही दोन कार्ये एकाच संस्थेने जवळजवळ एकाच वेळी केली, तरी त्यांच्या वाटा पुढे एकमेकींपासून दूर गेल्या. त्या तशा का गेल्या, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

पुण्यात शरीरसाधनेची परंपरा पेशवाईपासून अखंड होती. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या पुढे आणली. पेठापेठांतून तालमी होत्या. त्यांत कुस्ती, जोर-बैठका, दांडपट्टा, बोथाटी यांचे शिक्षण वस्तादांच्या हाताखाली मिळे. गंज पेठेतील लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम या परंपरेतील एक ठळक नाव होय. पनवेलजवळच्या शिरढोण गावी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके (१८४५–८३) हे नोकरीनिमित्त पुण्यास आले व लहुजींच्या तालमीत तयार झाले. फडके यांचा पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन (पुढील महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी) या शिक्षणसंस्थेच्या उभारणीतही भाग होता. शाळा आणि तालीम या दोन्हींची ओढ असलेल्या सुशिक्षितांच्या पिढीचे ते आरंभीचे उदाहरण आहे. १८७९ मधील त्यांचे बंड मोडले गेले व एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यानंतर १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी रँडचा वध केला. चापेकरांनीही व्यायामासाठी तरुणांचे मंडळ जमविलेले होते. तेव्हापासून पुण्यातील तालमी व आखाडे यांच्याकडे सरकार संशयाने पाहू लागले, यात नवल नव्हते.

दुसरीकडे, लष्कर भागात यूरोपीय अधिकाऱ्यांचे पूना जिमखान्यासारखे क्लब होते. ‘जिमखाना’ हा शब्द हिंदुस्थानी घाटाचा दिसत असला, तरी तो अँग्लो-इंडियन व्यवहारात घडलेला आहे. क्रिकेट, टेनिस, पोलो आणि सायंकाळची बैठक असा त्याचा आशय होता. एतद्देशीयांना तेथे प्रवेश मिळे तो बहुधा मैदानाची निगा राखणारा किंवा साहेबांना चेंडू टाकणारा नोकर म्हणून. पुढे नामांकित गोलंदाज ठरलेले पाळवणकर बाळू यांनी याच रीतीने पुण्यात यूरोपीयांच्या मैदानावर गोलंदाजीचा सराव केला. नंतर हिंदू क्लबने त्यांना संघात घेतले. पण मैदानाबाहेर त्यांचे चहाचे पात्र निराळे राहिले. जिमखाना ही संस्था भारतीयांनी स्वीकारली तेव्हा तिच्याबरोबर कोणकोणत्या भिंती आत आल्या आणि कोणत्या आधीच येथे उभ्या होत्या, हे या एका उदाहरणावरून कळते.

वंगभंगाच्या चळवळीने महाराष्ट्रातही स्वदेशीचे वारे वाहू लागले असताना, १९०६ मध्ये, डेक्कन जिमखाना स्थापन झाला. नाव इंग्रजी वळणाचे, पण चालक पुण्यातील सुशिक्षित मध्यमवर्गातील होते. फर्ग्युसन महाविद्यालय १८९५ मध्येच नदीपलीकडच्या आपल्या इमारतीत आले होते. त्यामुळे विद्यार्थी व प्राध्यापक यांची ये-जा त्या बाजूस सुरू झालेली होती. शहरातील पेठांत मोकळी जागा उरली नव्हती. नदीपलीकडे ती मुबलक होती. प्लेगच्या साथींनी पेठांतील दाट वस्तीचे भय वाटू लागले होते व मोकळ्या हवेचे महत्त्व लोकांना पटू लागले होते. या सर्व गोष्टी संस्थेच्या पथ्यावर पडल्या. क्रिकेट व टेनिस या खेळांबरोबरच खो-खो, आट्यापाट्या यांसारख्या देशी खेळांनाही तिच्या आवारात स्थान मिळाले.

याच सुमाराचे आयर्लंडमधील उदाहरण या ठिकाणी तुलनेसाठी घेण्याजोगे आहे. तेथे १८८४ मध्ये थर्ल्स गावी मायकेल क्यूसॅक व त्यांचे सहकारी यांनी गेलिक ॲथ्लेटिक असोसिएशनची स्थापना करून हर्लिंग व गेलिक फुटबॉल या देशी खेळांचे नियम बांधले आणि गावोगाव क्लब उभे केले. ब्रिटिश मानलेले खेळ खेळणाऱ्या सभासदांवर त्या संस्थेने विसाव्या शतकाच्या आरंभी बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. पुण्यात अशी बंदी कोणी सुचविल्याचे दिसत नाही. टेनिसची जाळी आणि खो-खोचे खांब एकाच आवारात शेजारी शेजारी राहिले. हा फरक केवळ स्वभावाचा म्हणता येणार नाही. आयर्लंडमध्ये देशी खेळ हाच राष्ट्रीय भावनेचा झेंडा झाला. पुण्यातील पुढाऱ्यांना मात्र इंग्रजांच्या खेळात इंग्रजांची बरोबरी करणे आणि स्वतःचे खेळ त्यांच्या खेळांइतके व्यवस्थित करून दाखविणे, ही दोन्ही उद्दिष्टे एकाच कामाची अंगे वाटत होती.

खो-खोची नियमबद्धता : १९१४ हे वर्ष पुण्याच्या सार्वजनिक जीवनात दोन कारणांनी लक्षात राहिले. जून महिन्यात लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगातून सुटून परत आले आणि ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. त्याच वर्षी डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम ठरविण्याचे काम हाती घेतले. तोवर हा खेळ महाराष्ट्रात गावोगाव खेळला जात होता. पण प्रत्येक गावचा रिवाज वेगळा होता. बसणाऱ्या गड्यांची संख्या, डावाची मुदत, मैदानाची सीमा, बाद ठरविण्याची रीत या गोष्टी खेळणाऱ्यांच्या संमतीने जागच्या जागी ठरत. शेजारी शेजारी राहणारी मुले खेळत असतील, तर अशा रिवाजाने काही अडत नाही. दोन शाळा किंवा दोन गावे समोरासमोर उभी राहिली की मात्र खेळाऐवजी वादच अधिक रंगतो. खो-खोचा उगम महाभारतकाळी रथावरून खेळल्या जाणाऱ्या खेळात होता, अशी एक समजूत प्रचलित आहे. तिला आधार नाही आणि या खेळाची थोरवी पटण्यासाठी तिची गरजही नाही.

या खेळाचे मर्म त्याच्या रचनेत आहे. एका पक्षाचे गडी मैदानाच्या मध्यपाटीवर एका ओळीत, आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून उकिडवे बसतात. त्यांच्यातील एक जण उभा राहून प्रतिपक्षाच्या पळणाऱ्या गड्यांचा पाठलाग करतो. पळणाऱ्यास दोन बसलेल्या गड्यांमधून या बाजूचे त्या बाजूस जाता येते. पाठलाग करणाऱ्यास तसे जाता येत नाही. त्याने एकदा दिशा घेतली की मागे वळायचे नाही. पळणारा पलीकडे निसटला, तर त्या बाजूस तोंड करून बसलेल्या सोबत्याच्या पाठीस हात लावून त्यास ‘खो’ द्यावयाचा आणि आपण त्याच्या जागी बसावयाचे. पाठलागाचा हक्क असा हातोहात फिरत राहतो. एकट्याच्या वेगापेक्षा खो केव्हा व कोणास द्यावयाचा, याला येथे अधिक महत्त्व आहे. देता देता न देता पुढे जाणे, म्हणजे हुलकावणी, ही या खेळातील खरी कला होय. खेळास साधन असे काहीच लागत नाही. दोन खांब रोवले व चुन्याच्या किंवा फक्कीच्या रेघा आखल्या की मैदान तयार होते. दरिद्री देशातील शाळांना हा गुण फार मोलाचा वाटला.

नियम करणाऱ्यांपुढील अडचण नेमकी येथेच होती. मैदानाला सीमा नसली, तर चपळ गडी ओळीपासून लांब पळत राहतो, पाठलाग करणारा दमतो आणि बाकीचे बसून राहतात. मग खेळ केवळ धावण्याची शर्यत होतो. सीमा फार आखडली, तर पळणाऱ्यास वावच राहत नाही. ओळीच्या दोन्ही टोकांना खांब असले म्हणजे पाठलाग करणाऱ्यास वळण्याची जागा निश्चित होते व पळणाऱ्यासही कोठवर धोका आहे ते कळते. १९१४ मध्ये आरंभलेल्या या विचारास १९१९ मध्ये ठोस आकार आला. त्या वर्षी मैदान लंबवर्तुळाकार ठरविण्यात आले. त्याची मध्यरेषा ४४ यार्ड (सु. ४० मी.) व रुंदी १७ यार्ड (सु. १५·५ मी.) होती. मध्यभागी रुंद व दोन्ही टोकांना निमुळते असे हे मैदान होते. पुढे लंबवर्तुळ जाऊन आयत आला, लांबी टप्प्याटप्प्याने कमी झाली आणि अलीकडच्या नियमांनुसार मैदान २७ मी. लांब व १६ मी. रुंद आखले जाते. लांबी एक तृतीयांशाने घटली, पण रुंदी शंभर वर्षांत जवळजवळ तेवढीच राहिली. पळणाऱ्यास आडवा वाव किती द्यावयाचा, याविषयी पहिल्या नियमकारांचा अंदाज बरोबर ठरला, असा याचा अर्थ होतो.

नियमांमुळे काही गोष्टी गमावल्याही गेल्या. गावोगावचे निरनिराळे प्रकार हळूहळू मागे पडले. सणावारी व चांदण्या रात्री कितीही गडी घेऊन चालणारा खेळ ठरावीक गड्यांचा, ठरावीक मिनिटांचा व पंचाच्या शिटीचा झाला. आट्यापाट्यांच्या बाबतीत असे स्थित्यंतर पुरते यशस्वी झाले नाही. त्याचे नियम झाले, सामने झाले, पण खो-खो व हुतूतू यांच्या मानाने तो खेळ मागे राहिला. मिठाच्या कोंडीपर्यंत पाट्या ओलांडीत जाऊन परत फिरणाऱ्या गड्याचे कौतुक जुन्या पिढीला फार होते. परंतु खेळाची लांबट आखणी आणि प्रत्येक पाटीवरील निर्णयासाठी लागणारी बारीक नजर या गोष्टी शाळेच्या पटांगणावर अडचणीच्या ठरल्या असाव्यात.

१९१९ चे सामने : महायुद्ध संपण्याच्या सुमारास, १९१८ च्या पावसाळ्याअखेरीस, इन्फ्ल्यूएंझाच्या साथीने मुंबई इलाख्यात हाहाकार उडविला. त्याच वर्षी पाऊस न झाल्याने दुष्काळ पडला. अशा काळात १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याचे मैदानी सामने भरले. संस्थेचे अध्यक्षपद तेव्हा सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) यांच्याकडे होते. जमशेटजी टाटांचे हे थोरले चिरंजीव केंब्रिजला शिकले होते. तेथे व मुंबईत त्यांनी खेळांत नाव मिळविले होते आणि मुंबईच्या शाळांतील मैदानी सामन्यांच्या संघटनेतही त्यांनी लक्ष घातले होते. इंग्लंडमधील आखीव धावपट्ट्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. पुण्यात त्यांना जे दिसले ते अगदी निराळे होते.

दोराबजींनी दहा वर्षांनंतर, १९२९ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात या सामन्यांचे वर्णन केले आहे. धावपटू बहुतेक शेतकरी वर्गातील तरुण होते. शेतात राबणारे व साध्या अन्नावर जगणारे हे तरुण यूरोपीय पद्धतीच्या शिक्षणापासून आणि नियमांपासून सर्वस्वी अपरिचित होते. शंभर यार्डांची शर्यत वळणावरून घेण्याचा बेत होता, कारण मैदान लहान, गवताळ व रूळ न फिरविलेले होते. प्रत्येकाचा मार्ग वेगळा करणाऱ्या दोऱ्याही नव्हत्या. शर्यतीचे नियम व धावपट्टीची शिस्त ही पाहुण्यांची चिंता होती. धावणारे केवळ धावत होते. लांब पल्ल्याची शर्यत डांबर नसलेल्या खडीच्या रस्त्यावरून झाली व ती त्यांनी अनवाणी धावून पुरी केली. पहिल्या दोघा-तिघांच्या वेळा दोराबजींनी पाहिल्या, तेव्हा त्या यूरोपातील वेळांशी तुलना करण्याइतक्या चांगल्या असल्याचे त्यांच्या ध्यानी आले.

या नोंदीचे मोल फार आहे आणि तिच्यातील एक उणीवही ध्यानात घेण्याजोगी आहे. जिमखान्याचे सभासद शिकलेले, पांढरपेशे होते. त्याच्या कीर्तीचे कारण झालेले धावपटू मात्र त्या वर्गातून आलेले नव्हते. सभासद टेनिस व क्रिकेट खेळत, त्यांची मुले खो-खो खेळत. कोसच्या कोस धावण्याचे बळ होते ते नांगरामागे चालणाऱ्यांच्या पायांत. संस्थेने हे बळ ओळखले, त्यास मैदान दिले व पुढे समुद्रापारही पाठविले, हे तिचे श्रेय आहे. धावणाऱ्यास बूट, सकस आहार व वर्षभराचे शिक्षण देण्याची व्यवस्था मात्र तिच्यापाशी नव्हती आणि त्या काळी देशात ती कोणापाशीच नव्हती.

त्याच वेळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड (कार्यकाल १९१८–२३) यांच्याशी बोलताना, पुढील वर्षी अँटवर्प येथे भरणाऱ्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानास भाग घेता येईल काय, हा प्रश्न जिमखान्याच्या मंडळींनी काढला. लॉइड यांनी तो उचलून धरला. लंडनमधील इंडिया ऑफिसच्या मार्फत हालचाली झाल्या आणि हिंदुस्थानला सहभागाची परवानगी मिळाली. यापूर्वी १९०० मध्ये पॅरिस येथे नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदके मिळविली होती व ती पुढे भारताच्या नावे नोंदली गेली. पण ते वैयक्तिक साहस होते. देशातील संस्थेने चाचणी घेऊन, निधी जमवून पाठविलेला संघ हा १९२० चाच पहिला. साम्राज्यातील एका परतंत्र देशास स्वतंत्र नावाने संघ पाठविता आला, या गोष्टीचे राजकीय महत्त्व तेव्हा फारसे कोणी बोलून दाखविले नसले, तरी ते उघड आहे.

अँटवर्प, १९२० : पुण्यात झालेल्या चाचणीनंतर सहा जणांचा संघ निवडण्यात आला. धावपटूंमध्ये बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार, एच्. डी. कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी, तर मल्लांमध्ये रणधीर शिंदे व कुमार नवले यांचा समावेश होता. सोहराब भूत हे व्यवस्थापक म्हणून बरोबर होते. खर्चाची तरतूद सुखाची नव्हती. दोराबजींनी पदरचे पैसे घातले व उरलेल्यासाठी सरकार व धनिक यांच्याकडे हात पसरावा लागला. संघ प्रथम इंग्लंडला गेला. तेथे धावपटूंना काही आठवडे रीतसर शिक्षण मिळाले. बहुतेकांना आयुष्यात मिळालेले हे पहिलेच असे शिक्षण होते आणि तेही स्पर्धेच्या तोंडावर. १ ऑगस्ट रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले; १४ ऑगस्टला अँटवर्प येथे उद्‌घाटनसमारंभ झाला. पुण्याहून गेलेला हा संघ परदेशात असतानाच पुण्याच्या राजकारणातील एक युग संपले होते.

मॅरेथॉनचा मार्ग त्या वर्षी ४२·७५ किमी., म्हणजे नेहमीपेक्षा लांब होता. फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५·८ सेकंदांत पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५·४ सेकंदांत एकोणिसावे आले. दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. कमी पल्ल्याच्या शर्यतींत बॅनर्जी प्राथमिक फेरीपलीकडे जाऊ शकले नाहीत. पदकाच्या सर्वांत निकट पोहोचले ते रणधीर शिंदे. मुक्त पद्धतीच्या कुस्तीत फेदरवेट गटात त्यांनी इंग्लंडच्या मल्लास हरवून उपान्त्य फेरी गाठली. तेथे अमेरिकेच्या सॅम गर्सनकडून व नंतर कांस्यपदकाच्या लढतीत ब्रिटनच्या फिलिप बर्नार्डकडून पराभूत झाल्याने त्यांना चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. आखाड्याच्या मऊ मातीत, मुदतीचे बंधन नसलेल्या व चीतपट हाच निकाल मानणाऱ्या कुस्तीत ते तयार झाले होते. अँटवर्पला पायाखाली गादी, हाती ठरलेला वेळ व पंचांच्या निर्णयावर अवलंबून असलेली लढत होती. हे अंतर लक्षात घेता त्यांची कामगिरी थोर म्हटली पाहिजे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीतच हेल्सिंकी येथे कांस्यपदक मिळविले ते १९५२ मध्ये. शिंदे यांच्या हातून निसटलेली गोष्ट महाराष्ट्राच्या मल्लास साध्य होण्यास ३२ वर्षे लागली.

दोन वाटा : अँटवर्पहून परतल्यानंतर ऑलिंपिकची सूत्रे पुण्याच्या हातात राहिली नाहीत आणि ते स्वाभाविकही होते. दोराबजी १९२० मध्येच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. सर्व देशातून खेळाडू निवडावयाचे तर अखिल भारतीय संघटना हवी, हे त्यांना पटले होते. वाय्. एम्. सी. ए. या संस्थेचे डॉ. ए. जी. नोरेन व मद्रासचे हॅरी क्रो बक यांचे त्यांना साहाय्य मिळाले. शारीरिक शिक्षणाची शास्त्रीय पद्धत व प्रांतोप्रांती पसरलेल्या शाखा या दोन्ही गोष्टी त्या संस्थेपाशी होत्या. प्रांतिक संघटना उभ्या राहिल्या, फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीस अखिल भारतीय सामने झाले व त्यांतून पॅरिस ऑलिंपिकसाठी मैदानी संघ निवडला गेला. बक हे त्या संघाचे व्यवस्थापक होते. १९२७ मध्ये इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन होऊन दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष व नोरेन सचिव झाले. पुढच्याच वर्षी ते अध्यक्षपद पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्याकडे गेले. जिमखान्याच्या ओबडधोबड मैदानावर निघालेला विषय आठ वर्षांत संस्थानिकांच्या व केंद्रीय संघटनांच्या कक्षेत पोहोचला.

देशी खेळांची वाट याहून निराळी झाली. तिला केंद्र मिळाले ते शाळा. १९२३-२४ च्या सुमारास आंतरशालेय सामन्यांचा पाया घातला गेला व त्यांत खो-खोचा समावेश झाला. त्याच सुमारास, १९२३ मध्ये, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय पातळीवर हुतूतूचे सामने घेतले. पुणे व बडोदे या दोन नगरांतील दोन जिमखान्यांनी पुढील काही वर्षे हे काम एकमेकांस पूरक असे चालविले. बडोद्यास सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. पुण्यास शिक्षकवर्गाचे बळ होते. १९२४ मध्येच शिवरामपंत दामले यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. त्याआधी, १९१४ मध्ये, अमरावतीस वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले होते व १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. १९२८ नंतर अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळात जाणकारांनी नियमांची पुन्हा छाननी केली आणि १९३५ मध्ये आट्यापाट्या व खो-खो यांची नियमावली प्रसिद्ध झाली. तिच्या पाठीशी १९१४ ते १९१९ या काळातील पुण्याचे प्रयोग होते.

देशी खेळांना ऑलिंपिकच्या कार्यक्रमात स्थान नव्हते व ते मिळविण्याचे साधनही हाती नव्हते. त्यामुळे एकाच संस्थेतील दोन प्रयत्नांची फारकत अटळ झाली. ऑलिंपिकच्या वाटेवर पैसा, प्रतिष्ठा व सरकारी मान्यता होती. खो-खोच्या वाटेवर शाळामास्तर, फक्कीची पिशवी आणि उन्हाळी सुट्टी. दुसऱ्या वाटेवर चाललेल्यांची संख्या मात्र पहिलीपेक्षा कितीतरी अधिक होती. खो-खोस बूट लागत नाहीत, मैदानास गवत लागत नाही आणि एका डावात बारा-पंधरा मुले गुंतून राहतात. त्यामुळे शाळा तेथे खो-खो ही स्थिती पुढील दोन पिढ्यांत आली. दशकातील उणीव होती ती मुलींबाबत. १९१६ मध्ये पुण्यातच महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले असताना, खेळांच्या नव्या संघटनेत स्त्रियांचा विचार जवळजवळ नव्हता. अखिल भारतीय खो-खो मंडळ १९५७ मध्ये स्थापन झाले, पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली व स्त्रियांची स्पर्धा त्यानंतर १९६१ मध्ये कोल्हापूरला.

जातिभेदाच्या प्रश्नावरही हे दशक संथच म्हणावे लागेल. क्रिकेटमध्ये १९२३ साली पाळवणकर विठ्ठल यांच्याकडे चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघाचे नेतृत्व आले, ते बाळूंना इतकी वर्षे नेतृत्व नाकारले गेल्यानंतर. देशी खेळांत एकाच ओळीत बसून पाठीवर हात ठेवणे भागच असते. त्यामुळे शाळांतून पसरलेल्या खो-खोने स्पर्शास्पर्शाच्या कल्पनेस जे धक्के दिले असतील, ते व्याख्यानांनी दिलेल्या धक्क्यांपेक्षा कमी नसावेत. मात्र शहरी संस्थांच्या सभासदत्वाच्या याद्या बदलण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ जावा लागला.

जिमखान्याच्या आसपासचा परिसर याच वर्षांत झपाट्याने बदलत होता. जवळच १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. पेठांतील वाडे सोडून बंगल्यांत राहू इच्छिणारी नोकरदार कुटुंबे नदीपलीकडे वस्ती करू लागली. संस्थेच्या मैदानांभोवती वसाहत झाल्याने तिला सभासद मिळाले, पण लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी लागणारा मोकळा रस्ता व शिवार मात्र मागे हटत गेले. पुढे जिमखाना टेनिस, क्रिकेट व जलतरण यांसाठी अधिक ओळखला जाऊ लागला.

खो-खोचे पुण्याशी असलेले नाते तुटले नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळचा पराभव केला. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे त्यांचे कर्णधार महाराष्ट्रातील होते. महिलांचा अंतिम गुणफलक ७८–४० असा, तर पुरुषांचा ५४–३६ असा होता.